उधारीचा स्वेटर: गोठणगाव ते लुधियाना, व्हाया नागपूर

मी बचत गटांचं काम करते, पंधराएक वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेला प्रश्न म्हणजे "तारण काय आहे?" बाईकडे शिलाई मशीन आहे, गिऱ्हाईक आहे, हातात कसब आहे, पण सातबारा सासऱ्याच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर, मग फाइल तिथेच अडकते. त्यामुळे नागपुरात दर हिवाळ्यात स्वेटर घेऊन बसणाऱ्या तिबेटी बायांना लुधियानाचे व्यापारी लाखांचा माल काहीही तारण न घेता उधार देतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच वाटेना. सातबारा सोडा, यातल्या बहुतेकींचं मतदार यादीत नावसुद्धा नाही, सरकारी कागदावर त्या परदेशी नागरिक. आणि तरी हा व्यवहार चाळीस-पन्नास वर्षं चालू आहे, आईकडून मुलीकडे गेलाय, आणि मोडलेला नाही.

मग मी २०१८ च्या हिवाळ्यात तिथे जाऊन बसायला लागले, आधी रविवारी, मग जमेल तशी संध्याकाळी, आणि पुढची काही वर्षं जात राहिले. हे जे लिहितेय ते एका दुकानाचं आणि त्या दुकानाच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांचं प्रकरण आहे. दुकानवालीचं नाव लिहीत नाही, सगळे तिला आमाला म्हणतात, मीही तेच म्हणते. तिबेटीत आमा म्हणजे आई, आणि मागचा 'ला' म्हणजे आपला 'जी'.

आधी थोडं मागचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, १७ मार्चच्या रात्री दलाई लामा तिथून निघाले आणि ३१ मार्चला भारतात पोचले, आणि त्यांच्या मागोमाग साधारण ८०,००० माणसं हिमालय ओलांडून आली. आसामात मिसामारी आणि बंगालात बक्सा इथे ट्रान्झिट कॅम्प होते, थंड कोरड्या हवेतली माणसं एकदम दमट गरमीत, आजारपणं खूप झाली. तिथून बऱ्याच जणांना पहाडी भागात रस्त्याच्या कामावर नेलं. आमालाचे आईवडील दगड फोडायचे आणि ही रस्त्याच्या कडेला एका खोक्यात झोपलेली असायची, एवढंच तिला आठवतं, किंवा कदाचित आईने सांगितलेलंच आठवत असेल असं ती म्हणते. नंतर म्हैसूर राज्याने बायलाकुप्पेला जमीन दिली, मग मैनपाट, मुंडगोड अशा वसाहती होत गेल्या, आणि १९७२ मध्ये आपल्याकडे, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, गोठणगावला नोरग्येलिंग वसाहत झाली. आता तो भाग गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुका, इटियाडोह धरणाच्या जवळ. आमाला तेव्हा चौदाची होती.

जव खाणारी माणसं धान लावायला शिकली ती आजूबाजूच्या गावातल्या लोकांकडून. चिखलात उतरून रोवणी कशी करायची ते शेजारच्या गावच्या बायांनी दाखवलं असं आमाला आवर्जून सांगते, आणि "रोवणी" हा शब्द ती आपल्यासारखाच म्हणते. पण धान एकच पीक, पावसावरचं, आणि घरं वाढत गेली तशी जमीन काही वाढली नाही. हिवाळ्यात हात रिकामे. देशभरातल्या जवळजवळ सगळ्या तिबेटी वसाहतींची हीच गत होती, आणि तिथूनच स्वेटरचा धंदा आला. सुरुवातीला लोकर घेऊन हाताने विणायचे आणि शहरात फुटपाथवर बसून विकायचे, मग मशीनचा माल स्वस्त आणि भरपूर मिळायला लागला तसे लुधियानाकडे वळले. परळच्या फुटपाथवर, नाशकात शरणपूर रोडला, नागपुरात, जिथे जाल तिथे हिवाळ्यात तिबेटी मार्केट असतं, आणि लहानपणी आईचा हात धरून तिथे गेला नाही असा माणूस आपल्या शहरांत कमीच सापडेल. आम्हाला सगळ्यांना वाटायचं हे लोक तिबेटहून स्वेटर आणतात! खरं तर तो माल पंजाबातून येतो, बहुतेक ॲक्रिलिकचा, आणि आमाला ते विचारलं की सरळ सांगते, लपवत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, उधारी चालते कशी.

पावसाळ्याच्या शेवटाला दुकानदार लुधियानाला जातात. तिथल्या व्यापाऱ्याला हे लोक लाला म्हणतात. आमालाचा लाला दुसऱ्या पिढीचा आहे, आधी त्याच्या वडिलांकडून माल यायचा. लालाच्या गादीवर बसायचं, चहा, मग नमुने बघायचे, एकेक डिझाइन हातात घेऊन ती शिवण आतून उलटी करून बघते, खांद्याला जोडलेल्या ठिकाणी दोन्ही अंगठ्यांनी ताणते, धागा सुटतोय का ते पाहते, आणि मग बोलते, "ये नागपूर में नहीं चलेगा." मी तिच्यासोबत लुधियानाला गेले नाही, पण तो अंगठ्याने ताणायचा प्रकार मी तिच्या दुकानात शंभरदा पाहिलाय, गिऱ्हाईकासमोर पण ती तेच करून दाखवते. थोडे पैसे आधी द्यायचे, बाकीचा माल वहीवर. गाठी ट्रान्सपोर्टने येतात, बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती हातात, आणि हिशेब सीझन संपल्यावर, जानेवारीच्या शेवटाला नाहीतर फेब्रुवारीत, लोसारच्या म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या आधी. व्याज असं वेगळं लावत नाहीत पण उधारीचा भाव रोखीपेक्षा चढाच असतो हे तिला चांगलं माहीत आहे. "फुकट कोण देतं बेटी," ती म्हणाली, "पण बँक मला देतच नाही, लाला देतो."

मी विचारलं, लाला का देतो? तू पळून गेलीस तर?

यावर ती हसली आणि समोरच्या रांगेकडे बोट दाखवलं. तिथे पत्र्याची आणि ताडपत्रीची पन्नासेक दुकानं होती, सगळी एका मापाची. "मी पळाले तर हे सगळे कुठे जातील?"

ही खरी किल्ली आहे आणि ती समजायला मला अख्खा एक सीझन लागला. प्रत्येक शहरातल्या मार्केटची एक असोसिएशन असते, वरती तिबेटी निर्वासित व्यापाऱ्यांची देशभराची संघटना पण आहे. लुधियानात नवीन माणूस माल घ्यायला गेला तर त्याच्यासोबत जुना कोणीतरी लागतो जो म्हणेल हा आमचा आहे, आणि हे म्हणणं नुसतं तोंडदेखलं नसतं. कोणी पैसे बुडवले तर लाला कोर्टात जात नाही, तो असोसिएशनला फोन करतो. मग त्या माणसाला पुढच्या वर्षी या मार्केटमध्ये दुकान मिळत नाही, हिशेब पुरा होईपर्यंत. आणि वसाहत तर सगळी एकच, तिथे तुमचा चुलता बसलाय, मुलीची सोयरीक तिथेच व्हायची आहे, मठात पूजेला तिथेच जायचंय. म्हणजे जामीन कोण, तर सगळं गाव. बाहेरून हे भरवशावर चाललेलं दिसतं आणि आपण लगेच "किती इमानदार लोक" म्हणून मोकळे होतो. इमानदार आहेतच. पण इमानदारी टिकावी म्हणून त्यांनी जी व्यवस्था लावलीय तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही, आणि मला वाटतं लक्ष तिकडेच जायला पाहिजे.

दुकानाची जागा चिठ्ठ्या टाकून ठरते. तोंडाशी असलेलं दुकान म्हणजे चांदी, आत शेवटच्या कोपऱ्यातलं म्हणजे अंधार, म्हणून दर वर्षी नव्याने चिठ्ठ्या, अध्यक्षालाही तीच चिठ्ठी. गिऱ्हाईकाला हात धरून ओढायचं नाही, शेजारच्याच्या दुकानातून उठलेल्या गिऱ्हाईकाला हाक मारायची नाही, ठरलेल्या भावाच्या खाली विकायचं नाही. "एकच भाव" ही पाटी आपल्याला उद्धटपणा वाटते, मला पण वाटायची, आई वैतागायची की जरा कमी करत नाही हे लोक. पण विचार करा, पन्नास दुकानं, सगळ्यांचा माल एकाच गावचा, त्यात भाव पाडायची शर्यत लागली तर तीन आठवड्यांत सगळे एकमेकांना खातील आणि लालाचे पैसे बुडतील. ती पाटी म्हणजे उधारीचं कुंपण आहे.

आणखी एक गोष्ट आहे त्यांच्यात, क्यीदुक. क्यी म्हणजे सुख, दुक म्हणजे दुःख, आणि दोन्ही मिळून एक फंड. वर्गणी काढायची, कोणाकडे लग्न असो, मयत असो, ऑपरेशन असो, त्यातून मदत. जुन्या तिबेटात पण ही पद्धत होती, एका गावचे, एका धंद्याचे लोक मिळून करायचे. आपली भिशी आणि मयत फंड एकत्र केला तर जे होईल तसं काहीसं. आमालाच्या नवऱ्याला एका वर्षी ऐन सीझनमध्ये हार्टचा त्रास झाला, ती आठ दिवस दवाखान्यात होती, दुकान शेजारणीने चालवलं आणि गल्ल्याचा हिशेब रोज रात्री दवाखान्यात आणून दिला. आणि हे सांगताना आमालाने त्यात काही विशेष आहे असं अजिबात दाखवलं नाही, उलट मीच डोळे पुसले.

आता दुसऱ्या बाजूचं, कारण निर्वासितांना मदत म्हटलं की आपल्या डोक्यात देणारा एक आणि घेणारा एक असं चित्र येतं. इथे तसं नाही. लुधियानातले होजिअरीवाले म्हणजे सगळे काही मोठे कारखानदार नव्हेत, चार-सहा मशीन घेऊन घराच्या वरच्या मजल्यावर विणणारे पण खूप आहेत. माल उन्हाळ्यापासून विणून ठेवायचा, विकायचा थंडीच्या तीन महिन्यांत, पैसा तोवर अडकलेला. पूर्वी त्यांचा खूप माल सोव्हिएत रशियाला जायचा, १९९१ मध्ये तो देशच राहिला नाही, आणि ती मोठी खरेदी गेली, मग देशातल्या बाजारावर भिस्त वाढली. आता असा छोटा कारखानदार नागपुरात, हुबळीत, गयेत दुकान कसं टाकणार? त्याच्यासाठी ही माणसं म्हणजे देशभर पसरलेले विक्रेते, पगार द्यावा लागत नाही, भाडं द्यावं लागत नाही, आणि काय चालतं काय नाही याची खबर दर वर्षी पाठवतात. नागपूरची थंडी दोन महिन्यांची, इथे पातळ कार्डिगन आणि हाफ स्वेटर चालतात, जाड जॅकेट पडून राहतं, हे आमाला लालाला सांगते आणि लाला तसं विणतो. दोघांचा धंदा दोघांवर उभा आहे.

आणि इथे नागपुरात? मंडपवाला, बांबू-ताडपत्रीवाला, लाइटवाला, हमाल, चहावाला, चेन बसवून देणारा टेलर, आणि हाताखाली काम करणाऱ्या पोरी, बहुतेक जवळपासच्या वस्त्यांतल्या. आमच्या एका गटातली बाई, चाळिशीची, विधवा, ती आमालाकडे मदतीला लागली ती मीच लावून दिली. तिला आपण काकू म्हणू. दसऱ्याच्या सुमारास दुकानं लागतात, तेव्हाच दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, त्यातले कित्येक जण परत जाताना आवर्जून इकडे डोकावतात, काकू स्वतः बौद्ध, आमालाच्या दुकानात मागे बुद्धाचा फोटो, पहिल्याच दिवशी दोघींचं जमलं. काकूला मी आधी कधी इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

तो २०१८ चा सीझन मस्त गेला. २९ डिसेंबरला नागपुरात ३.५ डिग्री तापमान उतरलं, असा गारठा इथे कोणी पाहिलेला नव्हता, आणि चार दिवसांत पडून राहिलेली जाड जॅकेटं सुद्धा संपली. आमालाने लालाचा हिशेब जानेवारीतच चुकता केला.

अडचणी नव्हत्या असं नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी अगदी भर सीझनमध्ये आली होती, त्याची आठवण सगळ्यांच्याच तोंडी होती, गिऱ्हाईक दोन हजाराची नोट घेऊन तीनशेचा स्वेटर मागायचं. तेव्हा असोसिएशनने रोज संध्याकाळी सगळ्यांची चिल्लर एकत्र करून सकाळी वाटून द्यायला सुरुवात केली आणि कोणी दुकान बंद ठेवलं नाही. २०१७ ला जीएसटी आला, पक्की बिलं, मग २०१८ पासून पन्नास हजाराच्या वर माल असला की ई-वे बिल, वहीवाल्या लोकांना ते जड गेलं, वसाहतीतली शिकलेली पोरं मदतीला धावली. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे जागा. मार्केटची परवानगी तात्पुरती, दर वर्षी नवा अर्ज, कधी मैदान बदलतं, कधी डिपॉझिट वाढतं, कधी दुकानं उभी राहिल्यावर सांगतात की हलवा. केंद्र सरकारचं २०१४ चं तिबेटी पुनर्वसन धोरण आहे, त्यात राज्यांनी यांना व्यापाराची लायसन्स, जमिनीचा लीज वगैरे द्यावं असं स्पष्ट म्हटलंय. पण खिडकीवरच्या माणसाला ते माहीत असेल तर ना! एका ऑफिसात मी स्वतः आमालासोबत गेले होते, तिथल्या बाबूने तिचं आरसी, म्हणजे परदेशी म्हणून नोंदणीचं पुस्तक, उलटंपालटं केलं आणि म्हणाला हे चालत नाही, आधार आणा, आणि आधार दिलं तर म्हणाला हे कसं काय तुमच्याकडे. ती काही बोलली नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, साठ वर्षं झाली बेटी, अजून पाहुणी आहे मी.

तिच्या घरातच बघा. भारतात २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ च्या आधी जन्मलेला माणूस जन्माने नागरिक, हा कायदा सगळ्यांना लागू आहे, तिबेट्यांनाही, दिल्ली हायकोर्टाने तसं सांगितलंय. तिची मुलगी त्या तारखेच्या आधीची, मुलगा नंतरचा. एका पोटची दोन लेकरं, एकीला पासपोर्टचा हक्क, दुसऱ्याला आरसी. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत बौद्ध आहेत, पण देश तीनच, पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान, त्यामुळे त्यातही हे बसत नाहीत. आणि १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताने सही केलेली नाही, म्हणजे निर्वासित असा वेगळा दर्जाच कायद्यात नाही. या सगळ्यात माणसाने भांडवल कुठून उभं करायचं? म्हणून लाला, म्हणून असोसिएशन, म्हणून क्यीदुक.

मग २०२० आलं.

लॉकडाऊन मार्चमध्ये लागला तेव्हा सीझन होऊन गेलेला होता, त्यामुळे सुरुवातीला वाटलं आपण वाचलो. पण पावसाळ्यात लुधियानाला जायची वेळ आली तेव्हा कोण जाणार? अर्ध्या लोकांनी फोनवर, व्हॉट्सॲपवर फोटो बघून ऑर्डर दिल्या, अंगठ्याने शिवण ताणणं काही फोटोत होत नाही. त्यात २४ सप्टेंबरपासून पंजाबात शेतकऱ्यांचं रेल रोको सुरू झालं, मालगाड्या जवळजवळ नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत बंद, कारखान्यांचा धागा अडकला, तयार माल अडकला, ट्रकवाल्यांनी भाडी वाढवली. आमालाच्या गाठी उशिरा आल्या आणि आल्या तेव्हा इकडे गर्दी नाही, म्हातारी माणसं घराबाहेर पडत नव्हती, आणि स्वेटर घेतात कोण तर म्हातारी माणसं आणि लहान पोरं! निम्मी दुकानं लागलीच नाहीत. आमाला मास्क लावून दिवसभर बसायची आणि संध्याकाळी वहीत एक-दोन ओळी लिहायची. गाठी तशाच बांधलेल्या. मला पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली, आणि ती भीती पैशाची कमी आणि लालाला काय तोंड दाखवू याची जास्त होती.

इथे काकूने डोकं लावलं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "ताई, लोक इकडे येत नाहीत, मग आपण तिकडे काऊन जात नाही? आमच्याकडे आठवडी बाजार सुरू झाले ना."

खरंच होतं. शहर घाबरलेलं होतं पण तालुक्याचे बाजार हळूहळू भरायला लागले होते, आणि गावातल्या माणसाला नागपूरला यायला बस धड नव्हती. आमच्या गटांमधल्या सात बायका तयार झाल्या. कल्पना साधी, प्रत्येकीने तीस-चाळीस नग घ्यायचे, उधार, बाजारात विकायचे, आठवड्याला हिशेब, ठरलेल्या भावाच्या वर जे मिळेल ते तिचं. पण आमालाला ते स्वतःच्या मनाने देता येईना. माल तिचा असला तरी उधारी लालाची, आणि नियम असा की मार्केटचा माल मार्केटबाहेर कमी भावात जायचा नाही. असोसिएशनची बैठक झाली, आम्हालाही बोलावलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, लोण्याचा खारट चहा, मी तो पहिल्यांदाच प्यायले, खरं सांगते चहा म्हणून प्यायलात तर नाही आवडणार, पातळ सूप म्हणून प्या मग छान लागतो. तिथे एक वयस्कर पाला होते, पा म्हणजे वडील आणि 'ला' तोच, त्यांनी एकच प्रश्न विचारला, अगदी शांतपणे. "हिने पैसे नाही दिले तर कोणाकडे जायचं?"

मला एकदम हसूही आलं आणि लाजही वाटली. जो प्रश्न बँकवाले मला विचारतात आणि मी चिडते, तोच. फक्त फरक हा की ते कागद मागत नव्हते, माणसं मागत होते. मी म्हटलं गटाकडे या. आमच्या सगळ्या गटांची मिळून बचत आहे, ठराव करतो, कोणी बुडवलं तर गट भरेल. ठराव त्याच आठवड्यात झाला, सहज झाला असं नाही, दोन बायका म्हणाल्या की अनोळखी लोकांच्या स्वेटरसाठी आपला पैसा काऊन अडकवायचा, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. काकूने उठून एवढंच सांगितलं की दोन वर्षं मी तिथे बसते, मला एकदा पण पगार मागावा लागला नाही.

डिसेंबर आणि जानेवारी असं ते चाललं. सात बायका, नऊ बाजार. पहिल्या आठवड्यात गोंधळ झाला, आम्ही शहरातले रंग नेले, फिकट गुलाबी, राखाडी, आणि गावात मागणी गडद मरून आणि निळ्याची, मळखाऊ पाहिजे, आणि कानटोप्या, त्या तर पुरल्याच नाहीत. दुसऱ्या आठवड्यापासून बायकाच आमालाच्या दुकानात येऊन स्वतः माल निवडायला लागल्या, आणि आमालाने त्यांना अंगठ्याने शिवण ताणायला शिकवलं, ते मी लांबून बघत होते. सगळा माल गेला नाही. साधारण दोन तृतीयांश गेला असेल. सहा जणींनी वेळेवर पैसे दिले. सातवीचा मुलगा आजारी पडला, तिच्याकडचे पैसे तिकडे खर्च झाले, आणि ठरल्याप्रमाणे गटाने भरले, मग ती पुढे आठ महिने थोडे थोडे करून गटाला फेडत राहिली. ते पैसे पूर्ण आले. पण त्या आठ महिन्यांत तिला गटात खाली मान घालून बसावं लागलं हेही मला लिहिलंच पाहिजे, सामूहिक जामिनाची ही बाजू आम्ही लोक रिपोर्टात लिहीत नाही. ज्या दडपणामुळे पैसा परत येतो ते दडपण कोणाच्या तरी मानेवर बसलेलं असतं. आमालाच्या मार्केटमध्ये पण तसंच असणार, तिथल्या ज्या घराचं दुकान एका वर्षी बंद झालं त्यांच्याबद्दल कोणी फार बोलत नाही.

आणि लाला? आमालाने त्याला फेब्रुवारीत निम्म्याच्या वर पैसे पाठवले आणि बाकीचे पुढच्या सीझनवर ठेवायला सांगितलं. त्याने ठेवले. त्याला दुसरं करता पण काय आलं असतं, सगळीकडून तेच फोन येत होते, पण लुधियानातल्या त्या छोट्या माणसाने पण कोणाचं तरी देणं थांबवलं असेल, धाग्यावाल्याचं, मजुराचं, आणि ती साखळी कुठपर्यंत गेली कोणास ठाऊक. २०२१ च्या हिवाळ्यात गर्दी परत आली, आमालाने जुनी बाकी पुरी केली. उरलेला माल तिने डांबराच्या गोळ्या घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला होता, तो बाहेर काढला तर दोन गाठी फॅशनमधून गेलेल्या, त्या पुन्हा आठवडी बाजारात गेल्या.

माझ्या कामातले लोक मला विचारतात की हे मॉडेल दुसरीकडे करता येईल का. मी सावध उत्तर देते. जिथे माणसांना एकाच वस्तीत राहायचंय, एकाच देवळात जायचंय, तिथे हे चालेल. आमच्या शहरातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये, जिथे दर अकरा महिन्यांनी शेजार बदलतो, तिथे जामीन कोण राहणार? आणि दुसरं, ही व्यवस्था आतल्या माणसांना जितकी घट्ट धरते तितकीच बाहेरच्याला बाहेर ठेवते. आमच्या गटांतल्या दोघींनी २०१९ मध्ये गोधड्यांचं एक दुकान तिथे मागितलं होतं, तेव्हा असोसिएशनने नम्रपणे पण सरळ नाही सांगितलं, सभासदच नाही तर चिठ्ठी कशी टाकणार. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्यांच्याकडे दुसरं काय आहे? तीन महिन्यांची जागा, तीही दर वर्षी मागून घेतलेली.

पण आता त्यांच्याकडेच माणसं कमी पडतायत. निर्वासित तिबेट्यांच्या स्वतःच्या प्रशासनाने २००९ मध्ये शिरगणती केली तेव्हा भारतात ९४,२०३ तिबेटी होते, त्यानंतर कमीच होत गेलेत, तिकडून नवीन माणसं येणं जवळपास थांबलंय आणि इकडची पोरं शिकून बंगळूरु, दिल्ली, कॅनडा, अमेरिका अशी पांगतायत. आमालाची मुलगी नर्स आहे, दक्षिणेत. मुलगा बाहेर जायच्या कागदपत्रांत अडकलाय. "स्वेटर विकायला मी त्यांना शिकवलं नाही," आमाला म्हणते, त्यात तिला अभिमानच आहे. पण तिचे गुडघे गेलेत. धान कापणीला नवरा गोठणगावलाच थांबतो, इथे दिवसभर थंड फरशीवर बसायला ती एकटी.

गेल्या सीझनला दुकान जवळपास काकूनेच चालवलं. भाव तिला पाठ, लालाला फोन तीच लावते, गाठी सोडवताना बिल्टीवरचे नग मोजून घेते, दोन तिबेटी शिव्या पण येतात तिला. दुकान मात्र आमालाच्या नावावर. मागच्या जानेवारीत सामान आवरताना आमालाने तिच्या हातात एक कागद दिला, असोसिएशनच्या नावाचा अर्ज, पुढच्या वर्षीपासून माझ्या चिठ्ठीवर ही बसेल, हिची हमी माझी, खाली तिबेटीत सही. अध्यक्षांनी तो ठेवून घेतलाय. आतापर्यंत कोणा बाहेरच्या बाईला चिठ्ठी मिळालेली नाही. दोन-तीन जुने सभासद विरोधात आहेत, एकदा दार उघडलं की ताडपत्री टाकून ल्हासा मार्केट नाव लावणारे शहरातले बाकीचे दुकानदार पण रांगेत येतील ही त्यांची भीती, आणि ते काही उगाच घाबरत नाहीत, तसली दुकानं आहेतच. पाला काहीच बोलले नाहीत म्हणे, फक्त विचारलं की हिच्या मागे कोण आहे.

आमच्या गटाने या वेळी ठराव आधीच करून ठेवलाय. बैठक ऑगस्टमध्ये, लुधियानाला निघायच्या आधी.